न्यायिक विभक्तता आणि विवाहबंधाचा प्रश्न

हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या दहाव्या कलमानुसार न्यायालय पती-पत्नींना न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा देऊ शकते. त्यामुळे एकत्र राहण्याचे बंधन उठते, पण विवाह कायम राहतो आणि दोघांपैकी कोणालाही दुसरे लग्न करता येत नाही. घटस्फोटाने नातेच संपते, येथे फक्त सहवास थांबतो. म्हणूनच विवाहाला संस्कार मानणाऱ्या घरांना हा मार्ग धर्माला धरून वाटतो. परंतु सहवास वजा जाता जे उरते त्याला धर्मदृष्ट्या विवाह म्हणावे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि वाशिम जिल्ह्यातील सर्व समाज त्याचे एकच उत्तर देतील असे नाही.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात विक्रयाने किंवा त्यागाने पत्नी पतीपासून सुटत नाही असे सांगितले आहे; त्याच अध्यायात काही कारणांसाठी पतीला पहिली पत्नी असताना दुसरी करण्याची मुभा आहे, जिला अधिवेदन म्हणतात. म्हणजे बंध अतूट होता तो मुख्यतः स्त्रीपुरता. विभक्ततेची कायदेशीर रचना तर धर्मशास्त्रातून आलेलीच नाही. कॅथलिक चर्चने विवाह अविच्छेद्य मानला, तरी व्यभिचार किंवा छळ सिद्ध झाल्यास शेज आणि पंगत वेगळी करण्याची परवानगी ठेवली. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतील हा उपाय 1857 च्या कायद्याने दिवाणी न्यायालयाकडे गेला, 1869 च्या अधिनियमाने भारतातील ख्रिस्ती दांपत्यांसाठी आला आणि पुढे हिंदू विवाह कायद्यात शिरला. एकपत्नीत्वाचे बंधन हिंदू पुरुषावर देशपातळीवर आणणारा कायदाही हाच, ही गोष्ट विसरता कामा नये, कारण बंध राखण्याला नैतिक अर्थ येतो तो दोघेही बांधलेले असतील तेव्हाच. तरीही 1976 ची दुरुस्ती होईपर्यंत छळ हे विभक्ततेचे कारण होते, घटस्फोटाचे नव्हते. मार खाणाऱ्या पत्नीला कायदा प्रथम वेगळे राहण्यापुरतीच मोकळीक देत होता.

शेतकरी आणि कारागीर जातींत मात्र काडीमोड किंवा सोडचिठ्ठी पंचांसमोर होत आली आणि त्यानंतर स्त्रीचा पाट लागत असे. या रूढींना अधिनियमाच्या 29 व्या कलमाने संरक्षण दिले आहे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच दाखवून दिले होते की बहुसंख्य हिंदूंना घटस्फोट नवा नाही. या दृष्टीने पाहता विवाह अतूट असण्याचा आग्रह हा सर्व हिंदूंचा धर्म नसून काही वर्णांचा आदर्श होता, असेच म्हणावे लागते. बौद्ध आणि जैन दांपत्यांनाही हाच अधिनियम लागू आहे. पोहरादेवीला श्रद्धास्थान मानणाऱ्या बंजारा समाजालाही महाराष्ट्रात तो लागू होतो; तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमातींत मोडतो, आणि केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय अशा जमातींना हा अधिनियम लागू होत नाही.

संन्यासाचा प्रसंग अधिक बोलका आहे. घटस्फोटाच्या अर्जावर न्यायालय त्याऐवजी विभक्तता देऊ शकते, असे कलम 13-अ सांगते. परंतु धर्मांतर, संसारत्याग आणि सात वर्षे ठावठिकाणा नसणे या तीन कारणांवरील अर्जांना त्यातून वगळले आहे. कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांसाठी ओळखले जाणारे गाव; तेथील एखाद्या गृहस्थाने मुनिदीक्षा घेतली आणि पत्नीने घटस्फोट मागितला, तर न्यायालय तिला नुसत्या विभक्ततेवर परत पाठवू शकत नाही. जो परतणारच नाही त्याची वाट पाहायला कायदा तिला लावत नाही.

व्यवहारात विभक्ततेचे मोल जमिनीत दिसते. रिसोड किंवा मालेगाव तालुक्यात पतीच्या नावे सोयाबीन-तुरीचे चार-पाच एकर असतील आणि तो मृत्युपत्र न करता वारला, तर विभक्त पत्नी विधवा म्हणून वर्ग एकची वारस ठरते. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करून फेरफार मंजूर झाला की तिचे नाव मुलांबरोबर सातबाऱ्यावर चढते. घटस्फोटितेला हा हक्क नाही. शिवाय वेगळ्या राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीविना केलेला शरीरसंबंध भारतीय न्याय संहितेच्या 67 व्या कलमाखाली गुन्हा आहे. संस्काराच्या नावाने राखलेल्या बंधात स्त्रीला हे दोन आधार मिळावेत, हे शास्त्रकारांच्या कल्पनेत नव्हते.

ही अवस्था टिकाऊ मात्र नाही. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही, अगदी दोषी पक्षही, घटस्फोट मागू शकतो. त्यामुळे पर्याय म्हणून आलेली ही तरतूद पुष्कळदा घटस्फोटाची पायरी ठरते. तरी हा मार्ग सरसकट खुला नाही. कर्नाटकातून आलेल्या एका अपिलात पत्नीने व्यभिचाराच्या कारणावरून विभक्तता मिळवली होती. पतीने पोटगी थकवली, दुसऱ्या स्त्रीशी संबंध चालूच ठेवला आणि वर्ष उलटल्याच्या आधारावर घटस्फोट मागितला. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण विवाह टिकून असताना पत्नीच्या निर्वाहाचे कर्तव्यही टिकून होते, आणि ते मोडणाऱ्याला स्वतःच्याच अपराधाचा लाभ घेता येत नाही.