पेंढी कुठे टाकायची

जुलैचा दुसरा आठवडा होता. आमच्या टीमचं एक मोठं काम महिनाभर मागे पडलं होतं. पुण्यातल्या त्या काचेच्या खोलीत आम्ही बारा जण भिंतीवरच्या तारखा पुढे सरकवत बसलो होतो, तेवढ्यात वरून निरोप आला: आणखी सहा माणसं देतो, पण महिनाअखेर संपवा. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सवय मला तेव्हा नव्हती.

त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. आमचं घर गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की गुदमा, आमगाव, धानोली आणि मग सालेकसा. तिथून पुढे दरेकसा, जंगल आणि छत्तीसगड. त्या वर्षी पावसानं डोळे वटारले होते. पऱ्हे टाकून महिना उलटला तरी बांध्यांत पाणी नव्हतं. रोवणी केव्हा लागते, असं मी विचारलं.

"पाणीच नाही गा, कशाची रोवणी? पऱ्हे म्हातारे होऊन राहिले."

मी मॅनेजरच्या थाटात सल्ला दिला, "पाणी आलं की दुप्पट बाया लाव, दोन दिवसांत उरकून टाक."

"बाया लावून रोवणी होते," माय म्हणाली. "पऱ्हे थोडेच जवान होतात?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. एका कोपऱ्यात दाट पेरतात, तीनेक आठवड्यांची झाली की उपटतात आणि चिखल केलेल्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, चूड-चूड म्हणजे थोड्या थोड्या रोपांचा जुडगा करून लावतात. ही रोवणी. रोप वेळेत चिखलात गेलं तर त्याला फुटवे येतात. वाफ्यातच वय झालं तर फुटवे कमी आणि धानही कमी. वाफ्यातले ते दिवस कोणाच्या बापाला कमी करता येत नाहीत, आणि पाणी लांबलं तर वाढत जाणारे दिवसही थांबवता येत नाहीत.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना पाठ आहे, निदान पाठ असायला हवं. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणकमालिकेच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. रखडलेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं, हा त्यांचा नियम आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, वाचून झालेलं होतं, आणि तरीही मी हो म्हणालो होतो. मायच्या वाक्यानं जे लागलं ते पुस्तकानं का लागलं नाही, याचा विचार मी पुढे बरीच वर्षं केला.

एक कारण असं, की ब्रुक्सचा नियम अर्धाच लक्षात राहतो. माणसं वाढवून उपयोग नाही, एवढं आपण घोकतो. पण रोवणीत माणसं वाढवून उपयोग होतो! पाच बायांच्या जागी दहा आल्या तर बांधी जवळजवळ निम्म्या वेळात हिरवी होते. प्रत्येकीची पट्टी वेगळी, एकीला दुसरीला काही विचारावं लागत नाही, आणि नवी आलेली बाई लहानपणापासून हेच काम करत आलेली असते. नियम खोटा नाही. एकाच शेतात दोन जातींची कामं असतात, एवढंच. पऱ्हे वाढण्याचं काम वेळ खातं आणि रोवणीचं काम हात खातं. टीम चालवणाऱ्यानं सकाळी उठून पहिलं ओळखायचं ते हे, की समोरचं काम यातलं कुठलं. मला मिळालेली सहा माणसं हुशार होती. पण आमचं अडलेलं काम पऱ्ह्याच्या जातीचं होतं. जुन्या प्रणालीतले हिशेब डोक्यात मुरायलाच काही आठवडे लागत, आणि ते मुरवून द्यायला माझी दोन सर्वांत जाणती माणसं तीन आठवडे गुंतून पडली.

बाहेरच्या जगाकडून शिकणं आमच्या धंद्याला नवीन नाही. उलट उसनवारीवरच तो उभा आहे. रोज सकाळी आम्ही ज्या 'स्क्रम'च्या नावानं उभ्याउभ्या बैठक घेतो, तो शब्द रग्बीच्या मैदानातला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ च्या एका लेखात नवं उत्पादन घडवणाऱ्या गटांना रग्बीच्या संघाची उपमा दिली आणि पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली. 'कानबान' ही कामाचा ओघ बेतात ठेवायची पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून आली, आणि टोयोटाच्या ताइची ओनोंना ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली: जेवढा माल उचलला जाईल तेवढाच पुन्हा भरायचा. आपल्याकडच्या कंपन्यांत मात्र बाहेरचा धडा म्हटला की वर्षाला एक व्याख्यान. एका वर्षी शिवाजी महाराजांचं व्यवस्थापन, पुढच्या वर्षी मुंबईचे डबेवाले. डबेवाल्यांवर हार्वर्डमध्ये केस स्टडी झाली हे खरं, पण त्यांच्या गळ्यात सिक्स सिग्मा या दर्जाच्या मापाचं लॉकेट अडकवून आपण नेमकं काय शिकतो, हे मला एकाही व्याख्यानातून कळलेलं नाही. टाळ्या वाजवून माणसं जागेवर येतात आणि आधीसारखीच कामं वाटतात.

धडा हवा असेल तर जवळ जाऊन बघावं लागतं. म्हणून रोवणीतली एकच गोष्ट जवळून दाखवतो.

बाया बांधीत ओळीनं वाकून उभ्या असतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. लावलेलं सगळं डोळ्यांसमोर राहतं, त्यावर कोणाचा पाय पडत नाही. पऱ्ह्याच्या पेंढ्या मात्र त्यांच्या पाठीमागे, अजून न रोवलेल्या चिखलात, एक माणूस आधीच टाकून ठेवतो. लहानपणी हे काम माझ्याकडे असे आणि मला वाटे, यात काय आहे, फेकायची पेंढी. पण पेंढी लांब पडली तर बाईला कंबर सरळ करून चार पावलं चालावं लागतं आणि तिची ओळ तुटते. फार टाकल्या तर पायात येतात, शिवाय शेवटी उरतात. उरलेल्या पेंढ्या उन्हात सुकतात किंवा परत वेचाव्या लागतात. बाईच्या हातातली पेंढी संपते त्याच क्षणी दुसरी तिच्या हाताशी यावी, एवढाच हिशेब. त्यासाठी प्रत्येकीचा हात किती चालतो ते ठाऊक असावं लागतं. म्हातारी बाई टोकाला असली की तिच्या पट्टीत पेंढ्या कमी, आणि शेजारीण न बोलता तिच्या दोन ओळी आपल्या पट्टीत ओढून घेते. मी एकदा सगळ्यांना सारख्या पेंढ्या टाकल्या होत्या, न्याय म्हणून. टोळीच्या म्होरकीनं मागे वळून नुसतं बघितलं. ती स्वतः चिखलात, ओळीतच होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभा होता तो मालक.

टीम लीड म्हणजे पेंढ्या टाकणारा पोरगा, असं माझं आता मत झालं आहे. माझ्या हुद्द्याला ते शोभत नाही, पण कामाला शोभतं. माणसाच्या हाताशी पुढचं काम वेळेवर, बेताचं आणि पोचेल असं पडलं पाहिजे. आम्ही मात्र सोमवारी चाळीस पेंढ्या एकदम चिखलात ओततो आणि शुक्रवारी विचारतो, इतक्या सुकल्या कशा?

गुत्त्याचंही असंच. रोवणी रोजीनं करून घ्या किंवा एकराच्या भावानं गुत्त्यानं द्या. गुत्त्यानं काम झपाट्यानं उरकतं. मग पाणी थोडं उतरलं की दिसतं, चूड विरळ पडलेत. बायांचा दोष नाही. तुम्ही एकर मोजलात, त्यांनी एकर दिला. कामाच्या आकाराला गुण देऊन दर पंधरवड्याला ते गुण मोजणाऱ्या किती टीमांमधली विरळ रोवणी मी नंतर निस्तरली आहे, ती मोजदाद इथे नको.

हे लिहिताना एक गोष्ट मला टोचते. ज्या बायांकडून मी शिकलो म्हणतो त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, संध्याकाळी कंबर उचलत नाही, आणि त्यांची दिवसाची मजुरी माझ्या एका तासाच्या पगाराच्या आसपासही पोचत नाही. शिवाय कोणतं धान लावायचं हे त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या टीमला मात्र विचारावंच लागतं, कारण आमच्या कामात 'काय लावायचं' हाच अर्ध्याहून मोठा प्रश्न असतो. म्हणून रोवणीची पूर्ण नक्कल करू नये. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे तर चिखलणी आणि रोवणी दोन्ही वगळून गादीवाफ्यावर भात टोकायला सांगतात. हे असंच चालत आलंय असं म्हणणाऱ्यांना प्रश्न एवढाच: पण का?

रोवणी महिन्याभराची. टीम चालवणाऱ्याचं बाकी आयुष्य तलावावर जातं, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी बांधलेलं सांभाळण्यात. आमच्या भागाला तलावांचा प्रदेश म्हणतात. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांपैकी नवेगावबांध बाहेरच्यांना पक्ष्यांमुळे माहीत असतो. गावोगावचे लहान माजी मालगुजारी तलाव कोणाला माहीत नसतात. मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात तलावाच्या पाळीची म्हणजे बांधाची डागडुजी, पाट साफ करणं, पाण्याची पाळी हे गावातच ठरायचं. त्यात बेगारही होती, उगाच गोडवे गाऊ नयेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली हे योग्यच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न कागदावर राहिला. पूर्वी पाळ फुटली तर कोणाचं दार वाजवायचं हे गावाला ठाऊक होतं, नंतर अर्ज कुठे द्यायचा हे विचारावं लागू लागलं. कंपनीत विभागांची फेरमांडणी झाली की जुन्या प्रणालीचं नेमकं हेच होतं. मालकी बदलते, आणि गाळ ज्याच्या डोक्यात होता तो माणूस दुसऱ्या मजल्यावर जातो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातच अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांनी धीवर मच्छीमारांसोबत केलेलं काम मी टीममध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येकाला सांगतो. तलावांतली मासळी घटत चालली होती. सरळ उपाय म्हणजे आणखी मत्स्यबीज सोडा. या लोकांनी तळ बघितला. बेशरमीची झुडपं माजली होती आणि मासे ज्यांच्या आधारानं जगतात त्या देशी पाणवनस्पती नाहीशा झाल्या होत्या. त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि कोणती वनस्पती कुठल्या माशाला लागते हे म्हाताऱ्या धीवरांना विचारून ती लावली. चुका वाढल्या की आम्ही तपासणारी माणसं वाढवतो. तळ नांगरायला मात्र आमच्या वेळापत्रकात उन्हाळाच नसतो.

त्या जुलैत शेवटी मी वर जाऊन सांगितलं, की महिनाअखेर होणार नाही. अमुक तीन गोष्टी गाळल्या तर उरलेल्या नीट होतील. बरंच ऐकून घ्यावं लागलं. सहापैकी चार जण मी परत पाठवले. तिकडे मायनंही पऱ्ह्यांचं वय मान्य केलं होतं. पाऊस आल्यावर तिनं एकेका चुडात नेहमीपेक्षा जास्त रोपं धरायला आणि चूड जवळजवळ लावायला सांगितलं, कारण म्हाताऱ्या पऱ्ह्याला फुटवे कमी येणार हे तिनं धरलंच होतं. आमच्या बांध्यांची रोवणी जुलै संपायच्या तीन दिवस आधी झाली. आमचं सॉफ्टवेअर सप्टेंबरात गेलं.