ज्याच्यावर ओळ नाही

शाळा सोडताना हाती गुणपत्रिका पडते, दाखला पडतो आणि स्टुडिओवाल्याकडून वर्गाचा फोटो येतो. दाखल्यावर वर्तणूक सगळ्यांचीच चांगली असते आणि फोटोत सगळेच श्वास रोखून उभे असतात. एखादी तुकडी खरोखर कशी होती, हे यांतल्या कशावरूनही कळत नाही. ते कळतं निरोप समारंभात वाचल्या गेलेल्या फिशपाँडांवरून. घडी घातलेली चिठ्ठी, तिच्यात एकच ओळ आणि त्या ओळीत एक अख्खा मुलगा. आपल्याकडच्या जुन्या वार्षिकांत शेलापागोटी छापायचे तीही याच जातीची. अमेरिकेतल्या शाळांत निरोपाच्या वर्षी पुस्तक निघतं, त्यात प्रत्येकाच्या फोटोखाली अशी गमतीची ओळ टाकण्याची जुनी रीत आहे. गंमत म्हणून आपण या ओळी बाजूला ठेवतो. मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण थट्टा होण्याआधी ती दखल असते. कुणीतरी वर्षभर आपल्याकडे नीट पाहत होतं, याचा तो लेखी पुरावा.

मी जिथे शिकलो त्या सुरतेला माणसं अशी टिपायची जुनी सवय आहे. कवी नर्मदने १८६६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात स्वतःलाही सूट दिली नाही. १९३६ साली ज्योतींद्र दवे आणि धनसुखलाल मेहता या दोघांनी मिळून ‘अमे बधां’ ही विनोदी कादंबरी लिहिली. ‘आम्ही सगळे’ म्हणजे कोण, तर सुरतेची साधी घरगुती माणसं. त्या माणसांवर हसता हसता लेखकांचा त्यांच्यावर किती जीव आहे, ते पानोपानी जाणवतं. त्याच्याही आधी, १८४०च्या दशकात, आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या साथीने त्यांनी मानवधर्म सभा काढली ती याच गावात. गुरुजींची चरित्रं अशी शिल्लक राहिली. समोर बसलेल्या पोरांचं काय? कोण खिडकीतून तापीकडे बघत बसायचा, कोण प्रश्न विचारण्याआधीच हात वर करायचा, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

आमची तुकडी १९८०च्या दशकातली, मराठी माध्यमाची. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात तेव्हा खानदेशातून कुटुंबंच्या कुटुंबं येत होती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने यायचं, नातेवाइकाकडे पथारी टाकायची आणि बापाने लूमवर बारा तासांची पाळी धरायची. घरात अहिराणी, वर्गात पुस्तकातली मराठी, गल्लीत गुजराती आणि दुपारच्या खेळात हिंदी. अशा वर्गात एकमेकांची नक्कल करायला विषयांची कमतरता नव्हती.

निरोप समारंभाच्या आधी आठवडाभर बाईंच्या टेबलावर पुठ्ठ्याचा डबा असायचा. चिठ्ठ्या त्यात पडायच्या, निनावी. बाई त्या घरी नेऊन चाळायच्या आणि निवडलेल्या ओळी एका मुलीच्या सुंदर अक्षरात आमच्या हस्तलिखितात जायच्या. एक मुलगा रोज उशिरा यायचा. लिंबायतच्या गरनाळ्यात पाणी भरलंय, हे त्याचं ठरलेलं कारण. पावसाळ्यात ते खरं असायचं, कारण रेल्वेखालचं ते गरनाळं एका सरीत तुंबतं. पण हा फेब्रुवारीतही तेच सांगायचा. त्याला ओळ मिळाली, “नदी आटेल, पण याचं गरनाळं नाही.” दुसरी एक मुलगी वाक्य मराठीत सुरू करायची आणि गुजरातीत संपवायची. तिला मिळालं, “नवापूर स्टेशन.” दोनच शब्द. ज्याने ताप्ती लाइनने प्रवास केलाय त्याला वेगळं सांगायला नको, त्या स्टेशनाचा निम्मा भाग महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे. ती हसली, मग जरा ताठ बसली. आपल्या दोन्ही भाषा कुणीतरी ऐकल्या, एवढं तिला पुरलं असावं.

या चिठ्ठ्यांना बाईंनी एकच नियम लावला होता. ज्याच्यावर ओळ आहे, त्यानेच ती उभं राहून मोठ्याने वाचायची. या नियमाने किती काम केलं, ते मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. एखाद्याच्या रंगावर, फाटक्या चपलेवर, बापाच्या दारूवर लिहिलेली चिठ्ठी त्याच्याच हातात देऊन ‘वाच’ म्हणता येत नाही. अशा चिठ्ठ्या बाईंच्या घरून परत आल्याच नाहीत. एकाच्या अहिराणी ‘कथा जाई ऱ्हायना?’ची टिंगल करणारी ओळही त्यांनी गाळली. त्या वर्गात निम्म्या मुलांच्या आया हेच बोलत होत्या. माणूस जे करतो त्यावर हसावं, तो जे आहे त्यावर नाही, हा भेद आम्हाला व्याख्यानाने कुणी शिकवला असता तर आम्ही विसरलो असतो. आज मुलं एकमेकांवर जे लिहितात ते समोर उभं राहून वाचावं लागत नाही. फरक पडला आहे तो तिथेच. मुलं तेव्हापेक्षा वाईट झालेली नाहीत.

हस्तलिखित आता नाही. ते जिने जपलं होतं ती लग्नानंतर अडाजणला राहायला गेली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेलं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं. तरी पुढे आम्ही जमलो तेव्हा ओळी मात्र जवळजवळ सगळ्या जागेवर होत्या. कुणाला किती टक्के पडले हे कुणालाच आठवेना, नवापूर स्टेशन सगळ्यांना आठवलं. ज्या मुलीला ती ओळ मिळाली होती ती आज दोन्ही भाषांत खटल्यांचे कागद तयार करते. तिच्या कामाचं वर्णन करायला ते दोन शब्द अजून पुरतात. सोळाव्या वर्षी सोबत्यांनी काढलेलं चित्र चाळिशी उलटल्यावरही जुळावं, याचं मला नवल वाटत नाही. बाकाला बाक लावून बसलेल्याला जे दिसतं ते परीक्षकाला दिसत नाही.

त्या भेटीला एक जण आला होता, ज्याने नववीतच शाळा सोडली. वडील आजारी पडले आणि त्यांच्या जागी हा लूमवर उभा राहिला. आमच्या वर्गात असे बरेच होते. मुलीही होत्या, घरी साड्यांचे धागे कापायला बसवलेल्या. दहावीच्या फोटोत ते नाहीत, हस्तलिखितातही नाहीत. सगळ्यांच्या ओळी म्हणून झाल्यावर त्याने सहज विचारलं, “माझ्यावर काय होतं रे?” काहीच नव्हतं. आम्ही गरीब होतो, पोटासाठी शाळा सुटणं आमच्याकडे नित्याचं होतं, हे सगळं खरं. पण डबा टेबलावर असताना एका चिठ्ठीवर त्याचं नाव टाकायला पैसे लागणार नव्हते. जुन्या वर्गमित्रांची हलकीफुलकी चित्रं वाचताना मी आता आधी हे शोधतो, की पाचवीपासून बरोबर असलेला पण शेवटच्या वर्षी नसलेला कुणी त्यांत आहे का. बहुतेकदा नसतो.

तो मात्र रुसला नाही. चहा घेता घेता त्याने आम्हा एकेकाचं आठवीपर्यंतचं सगळं काढलं. कोणाचं खोडरबर कोणी खाल्लं, कोणत्या सरांच्या सायकलची हवा कोणी सोडली, सगळं नावानिशी. मग म्हणाला, “गरनाळ्याचं निमित्त मुळात माझं. मी गेल्यावर याने घेतलं.” ज्याच्या नावावर ती ओळ लागली होती त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “खरंय. तुझी जागा रिकामी होती ना.”