शिक्षा संपल्यानंतर

शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हाती तरुण मुले घडविण्याचे काम द्यावे काय? मायकेल विक या अमेरिकन खेळाडूच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही मांडत आहोत. माणूस दूर देशीचा असला, तरी प्रश्न कोणत्याही समाजाला चुकत नाही.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीचा नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात. संघाची चाल चालविणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे १९८० साली एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेला विक हा असाच एक क्वार्टरबॅक. २००१ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा सर्वांत पहिले नाव त्याचे होते. २००४ मध्ये अटलांटा फाल्कन्स संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा, १३ कोटी डॉलर्सचा करार केला.

२००७ मध्ये व्हर्जिनियातील त्याच्या मालकीच्या जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा उघडकीस आला. पन्नासच्या आसपास कुत्री तेथे सापडली. झुंजीत न टिकणाऱ्या कुत्र्यांना गळफास देऊन, पाण्यात बुडवून मारले जात असे. आधी विकने कानांवर हात ठेवले. पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला २३ महिन्यांची कैद झाली आणि वाचलेल्या कुत्र्यांच्या संगोपनासाठी ९ लाखांहून अधिक डॉलर्स भरावे लागले. २००८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. २००९ मध्ये सुटताच फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतले. २०११ मध्ये प्राण्यांच्या झुंजी पाहणाऱ्यांनाही शिक्षा व्हावी, या विधेयकाच्या बाजूने तो वॉशिंग्टनला जाऊन बोलला. डिसेंबर २०२४ मध्ये नॉरफोक स्टेट या, मूळ कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या विद्यापीठाने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले.

काहींना ही नेमणूक मुळीच पटत नाही. मुक्या जिवांशी असे वागणारा मुलांना काय शिकवणार, असे ते विचारतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय ज्याचा हक्क मारला त्याच्याकडूनच माफी मिळवावी, हेही आपल्याला शिकविले गेले. कुत्रे माफी देऊ शकत नाही. मेलेले तर नाहीच. तेव्हा विकचा हिशेब पुरता चुकता झाला, असे म्हणण्याचा अधिकार न्यायालयाला नाही आणि आम्हालाही नाही.

पण हिशेब बाकी आहे म्हणून माणसाने कामाला हातच लावू नये, हे आम्हाला मान्य नाही. उरलेले ऋण फेडायचे तर ते कामातूनच फेडावे लागेल. वाचलेल्या कुत्र्यांपैकी कित्येक पुढे घरांत रुळली, मुलांच्या संगतीत राहिली. ज्यांना केवळ झुंजीसाठी वाढविले, त्या जनावरांनाही बदलता आले असेल, तर माणसाबद्दल आशा सोडण्याचे कारण नाही. अट एकच. शिक्षकाने आपला भूतकाळ शिष्यांपासून लपवू नये. गरिबीतून आलेल्या पोराच्या हाती एकाएकी पैसा आला आणि जुनी संगत सुटली नाही की काय होते, हे विकइतके अनुभवाने दुसरा कोण सांगेल?

आम्हाला खरी टोचणी वेगळीच आहे. विकला दार उघडले ते त्याच्या पश्चात्तापामुळे की त्याच्या पायांतील वेगामुळे? त्याच खटल्यात त्याच्या साथीदारांनाही शिक्षा झाली. त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्यांच्यासाठी कोणता संघ थांबला होता? समाज ज्याचा उपयोग होतो त्याला लवकर क्षमा करतो आणि त्या सोयीला दया असे नाव देतो. आपल्या मोहल्ल्यातही हेच घडते. तुरुंगातून परतलेला पैसेवाला जलशात पुढच्या रांगेत बसतो. हातगाडी ओढणाऱ्याच्या मुलाला मात्र साधे दुकानातले कामही मिळत नाही.

म्हणून विकची नेमणूक चूक होती, असे आम्ही म्हणत नाही. त्याला जे मिळाले ते ज्याच्या अंगी काही कसब नाही त्यालाही मिळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.