तपासणी, खर्च आणि कर्तव्य

कर्करोग शरीरात पसरल्यावर गाठीतील जनुके तपासून तदनुरूप औषध निवडण्याची पद्धती आता आपल्याकडेही आली आहे. सुभानपुऱ्यातील ज्या कुटुंबांत हा रोग शिरला, त्यांच्यापुढे प्रश्न पडतो: ही महागडी तपासणी न करविली, तर आपण आपल्या माणसाविषयीच्या कर्तव्यात उणे पडलो काय?

सर्वांस एकच उत्तर देता येईल, असे आम्हांस वाटत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात आपल्या देशातील बऱ्याच रुग्णांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात बदल आढळतो आणि त्यांस गेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अशा ३५० रुग्णांत नुसती गोळी आणि गोळीसह केमोथेरपी यांची तुलना केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यम काळ नुसत्या गोळीने ८ महिने, तर दोन्हींनी १६ महिने होता. तीव्र त्रास मात्र सुमारे दुप्पट रुग्णांना झाला. अशा ठिकाणी तपासणी टाळणे म्हणजे हाताशी असलेले औषध दवडणे होय.

परंतु सर्वच गाठींची गोष्ट अशी नाही. फ्रान्समधील ‘शिवा’ नामक अभ्यासात (नाव वाचून आपल्या वाचकांस कौतुक वाटेल!) निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग असलेल्या १९५ रुग्णांपैकी काहींना जनुके पाहून निवडलेले, तर इतरांना नेहमीच्या रीतीने निवडलेले औषध दिले. रोग थोपून राहिला तो अनुक्रमे २.३ आणि २ महिने. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर औषधे वाढली हे खरे. तरीही गाठीत बदल सापडला, पण त्यावर औषध नाही, किंवा आहे ते आवाक्याबाहेर, हा अनुभव अनेकांच्या वाट्यास येतो. म्हणून सोने मोडण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, की अहवालाने उपचार खरोखर बदलेल काय, आणि ते औषध किती दिवस, कितीला पडेल? असे विचारण्यात माया कमी झाली, असे कोणी समजू नये.

आणि रुग्णास? आपल्या घरांत अहवाल थोरल्या मुलाच्या हाती जातो, आजोबांस कोणी काही सांगत नाही. हे आम्हांस मान्य नाही. त्यांनी सर्व ऐकून “आता पुरे” म्हटले, तर तो त्यांचा अधिकार आहे. मात्र वडीलधारी माणसे पुष्कळदा मुलांचा पैसा वाचावा म्हणूनच नको म्हणतात. त्यांस खर्चाचा खरा आकडा सांगून, एकांतात, पुन्हा एकवार विचारावे.