मोहताजी आणि खिदमत

आपल्याकडची वडीलधारी माणसे दुआ मागताना हमखास एक गोष्ट मागतात. अल्लाहने शेवटपर्यंत कुणाचे मोहताज करू नये. मरणापेक्षा मोहताजीचे भय मोठे असते. हार्ट फेल्युअर झालेल्या माणसाच्या तर ते रोज उशाशी बसलेले असते. नाव ऐकून छातीत धस्स होते, पण याचा अर्थ हृदय बंद पडले असा नव्हे. शरीराला हवे तितके रक्त पुरवणे हृदयाला झेपत नाही. मग अंगात पाणी साठते, पाय सुजतात, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, रात्री एका उशीने भागत नाही. या आजारासोबत कित्येक जण वर्षानुवर्षे जगतात. ते कसे जगतात, हा खरा प्रश्न आहे.

हे ‘कसे’ मोजण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९८० च्या दशकात २१ प्रश्नांची एक यादी तयार झाली. त्यात सूज, धाप, झोप हे सगळे आहेच. पण आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत असे वाटते का, आपल्या आयुष्यावरचा ताबा सुटला असे वाटते का, हेही त्यात विचारले आहे. मला आपली ती दुआच आठवली.

खिदमतीच्या बाबतीत आपली घरे कमी पडत नाहीत. मुलगा गोळ्या मोजून हातावर ठेवतो, सून पाण्याचा पेला ओठांपाशी आणते, नातवंडे चपला आणून देतात. “अब्बा, तुम्ही उठू नका.” प्रेमाने उच्चारलेले हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या माणसाचे काय होत असेल? त्याच्या हातातले एकेक काम आपण काढून घेतो आणि त्यालाच सवाब समजतो. मला वाटते, मोहताजी आजारातून जितकी येते तितकीच अशा खिदमतीतूनही येते.

या आजारात रुग्णाने स्वतः करायची कामे साधी आहेत. सकाळी काही खाण्यापूर्वी वजन करायचे आणि वहीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले तर पाणी साठते आहे असे समजून डॉक्टरांना कळवायचे. ही वही अब्बांचीच असावी, अक्षर त्यांचेच असावे. तसेच चालण्याचे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २,३३१ रुग्ण होते. ज्यांना नियमित व्यायाम शिकवला त्यांचे जगणे थोडे सुधारले. थोडेच, पण दम लागणाऱ्याला थोडेही पुष्कळ असते. डॉक्टरांची हरकत नसेल तर मशिदीपर्यंत त्यांना हळूहळू चालत जाऊ द्यावे. दुचाकीवर बसवून नेण्याची घाई आपल्याला असते, त्यांना नसते.

सब्रच्या नावाखाली सूज लपवणारेही आहेत. त्रास बोलून दाखवला तर शिकायत होईल, असे त्यांना वाटते. पण वैद्याला हाल सांगणे ही अल्लाहची शिकायत कशी होईल?

आता परहेज. उर्दूत हा शब्द खाण्यापिण्याच्या पथ्यालाही आहे आणि परहेजगार म्हणजे नेक माणूस. वर्गात हा शब्द शिकवताना मला नेहमी एक धोका जाणवतो. पथ्य मोडले की माणूस जणू गुन्हेगार ठरतो. “तुम्हीच लोणचे खाल्ले, आता भोगा.” वागणुकीतून आजार सांभाळायचा म्हटले की दोषही वागणुकीवर येतो. पण विज्ञान इतके कठोर नाही. २०२२ साली सहा देशांतल्या ८०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या, म्हणजे सुमारे पावणेचार ग्रॅम मिठाच्या खाली ठेवण्याचा सल्ला देऊनही मृत्यू आणि इस्पितळाच्या फेऱ्या ठळकपणे कमी झाल्या नाहीत. जगण्याचा दर्जा मात्र थोडा सुधारला. २०२५ च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात ५०४ स्थिर रुग्ण होते. ज्यांचे पाणी तोडले त्यांच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही, तहानेचा त्रास तेवढा वाढला. याचा अर्थ पथ्य सोडावे असा नाही. किती आणि कुणासाठी, हे डॉक्टर ठरवतील. पण घोटभर जास्त पाणी प्यालेल्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर झापण्याचा हक्क कुणाला पोचत नाही.

आणि रुग्ण अम्मी असेल तर? तिचे पथ्य तिलाच शिजवावे लागते. कोकणातल्या घरात सुकट, सोडे, पापड तळले जातात, आणि ती आपली अळणी भाजी वेगळ्या पातेल्यात करून शेवटी एकटी जेवते. तिला कुणी “उठू नका” म्हणत नाही. तिच्या बाबतीत प्रश्न उलटा आहे. तिच्या हातातले काम आधी कमी व्हायला हवे, आणि सगळ्या घराने मीठ कमी केले तर दुसऱ्या पातेल्याची गरजच उरत नाही.

सर्वांत अवघड रमजान. लघवी वाढवणारी गोळी आणि दिवसभराची तहान यांचा मेळ बसत नाही. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे, ज्याला मुळीच झेपत नाही त्याच्यासाठी फिदया आहे. हे सगळ्यांना पाठ असते. तरी पन्नास वर्षे रोजे ठेवलेला माणूस घरात एकटाच दुपारी जेवतो तेव्हा मान खाली घालतो. त्याला मसला समजावणारे पुष्कळ भेटतात. सहेरीला मात्र कुणी उठवत नाही. त्याला का उठवू नये? रोजा नसला तरी तो सगळ्यांसोबत बसेल, फजरची नमाज पढेल, आणि मग वजन करून वहीत लिहील.