धक्का कोणता, ओझं कोणतं?

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४८



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की कर्म कर, पण ते साधो वा फसो, मन सम ठेव. हे समत्व म्हणजेच योग. श्लोक शाळेपासून पाठ आहे. अर्थ मात्र यंदा एका जुन्या गाडीने शिकवला.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टाटा ४०७ ची जुनी मिनीबस घेऊन आत झोपायला फळ्या, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलीय. घरची मंडळी तिच्यातूनच पंढरपूर-तुळजापूर करतात. पण पाट्यांवरची गाडी, लातूर सोडलं की कंबरडं मोडतं. म्हणून मी चारही चाकांवर पाट्यांच्या जोडीला हवेचे रबरी फुगे बसवून घेतले.

साध्या लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. ओझ्याने गाडी बसली की दांडी फिरते आणि फुग्यात हवा जाते. ओझं उतरलं की जादा हवा बाहेर पडते. मिस्त्री म्हणाले, "हाच बसवा." मला तो जुनाट वाटला. मी पडलो सॉफ्टवेअरवाला! चार सेन्सर, इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम. सेकंदाला दहा वेळा उंची मोजायची, जरा फरक दिसला की लगेच दुरुस्ती.

पहिला मुक्काम पंढरपूरला, उताराच्या जागेवर. गाडी दोन मिनिटांत सपाट झाली. मी खूश. पण रात्री कुणी कूस बदलली की व्हॉल्व्ह फुसफुसायचे, गाडी हलायची, हवा संपली की कॉम्प्रेसर घरघरायचा. पहाटे अण्णा दचकून उठले आणि आईचा हात धरून अनवाणीच बाहेर पळाले.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं आणि किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मी तेव्हा तीन वर्षांचा. अण्णांनी मला ढिगाऱ्यातून काढलं. तेव्हापासून रात्री जरा काही हललं की ते उठतात. आणि मी नेहमी म्हणायचो, "अण्णा, तीस वर्षं झाली आता, सोडा की!"

मिस्त्रींना फोन केला. ते हसले. म्हणाले, "साहेब, काही व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम थोडा उशीर ठेवलेला असतो. खड्डा आला आन् गेला, त्याला हवा देत बसायचं नसतं. जे टिकून राहतं ते ओझं. त्याला हवा द्यायची."

मंडळी, तिथे मला श्लोक कळला. समत्व म्हणजे प्रत्येक धक्क्याला उत्तर देणं नव्हे, आणि दगड होऊन बसणंही नव्हे. ऑफिसातल्या एका मेलने माझी रात्र जाते, कारण त्या धक्क्याला मी ओझं समजतो. आणि अण्णांचं इतक्या वर्षांचं ओझं मी धक्का समजून सोडून देत होतो. कोणता कोणता, हे ओळखायला आधी थांबावं लागतं.

आता गाडी मुक्कामाला लागली की एकदाच सपाट करतो आणि व्हॉल्व्ह बंद. त्या पहाटे चहा घेताना अण्णांना पहिल्यांदा विचारलं, "त्या रात्री काय झालं होतं?" ते उजाडेपर्यंत बोलत होते. मी मध्ये एक शब्दही बोललो नाही.

आज आपल्या घरात कुणाचं ओझं आपण धक्का समजतोय, एवढं पाहू या. पांडुरंग तेवढी थांबण्याची बुद्धी देवो.

राम कृष्ण हरी. उद्या श्लोक ४९.