अंतःकरणाची साक्ष

“माझ्या सदसद्विवेकबुद्धीला तें पटत नाहीं,” असें कोणी म्हटलें कीं वाद तेथेंच खुंटतो. शास्त्राधार दिला तर उलट शास्त्राधार काढतां येतो, हिशेब मांडला तर तो तपासतां येतो. परंतु मनाची ग्वाही पुढें केली असतां प्रतिपक्षास स्वस्थ बसण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. वडिलार्जित घर विकतांना बहिणीस न विचारणारा भाऊही “माझें मन मला खात नाहीं” असें शांतपणें सांगतो, आणि तुरुंगांत जाणारा सत्याग्रहीही मनाचाच हवाला देतो. ह्या दोघांच्या बोलण्यांत भेद कोणता? प्रश्न नीतीचा खरा; तथापि त्याच्या उत्तरास एका शब्दाचा इतिहास उपयोगी पडण्याजोगा आहे. ज्या इंग्रजी ‘कॉन्शन्स’ शब्दासाठीं आपण ‘सदसद्विवेकबुद्धि’ हा लांबलचक शब्द योजतों, त्याचा अर्थ कालांतरानें जवळजवळ उलटा झाला आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्यांतील ‘कॉन्’ म्हणजे सह, आणि उरलेला भाग ‘जाणणें’ ह्या अर्थाच्या धातूचा; म्हणजे कॉन्शन्स हें मुळांत सह-ज्ञान होय. दुसऱ्याची गुप्त गोष्ट ज्यास ठाऊक आहे तो त्याचा सह-ज्ञाता. मग तो साक्षीदार असो वा कटांतील भागीदार असो. सिसरोच्या काळींच ह्या शब्दास आणखी एक अर्थ आला होता: मनुष्य आपल्या कृत्याचा आपणच साक्षी. परंतु साक्षी म्हटला कीं तो पक्षकाराहून निराळा असला पाहिजे. मनुष्य एकांतांत असला तरी त्याच्यांत दोघे असतात, एक करणारा व दुसरा पाहणारा, ही कल्पना त्या शब्दांत कायम होती.

मध्ययुगांतील धर्मपंडितांनीं ह्यांत आणखी बारकावा आणिला. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें सत् करावें व असत् टाळावें हें जाणणारी मूळ वृत्ति निराळी धरिली. ती चुकत नाहीं. तें ज्ञान समोरच्या प्रसंगास लावणें म्हणजे कॉन्शन्स, आणि ही क्रिया चुकूं शकते. चुकलेल्या कॉन्शन्सविरुद्धही मनुष्यानें वागूं नये. परंतु तिच्याप्रमाणें वागला एवढ्यानें तो दोषमुक्त होतोच असें नाहीं, कारण जें जाणून घेणें त्याचें कर्तव्य होतें तें त्यानें जाणून घेतलें नसेल. हा दुसरा अर्धा भाग आज बहुधा कोणी उच्चारीत नाहीं.

इंग्रजींत हा शब्द फ्रेंचांतून आला. १३४० सालीं कँटरबरीच्या मठांतील एका साधूनें फ्रेंच ग्रंथ भाषांतरितांना त्याबद्दल ‘इन्‌विट’ म्हणजे आंतलें ज्ञान हा देशी शब्द योजिला. त्याच्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ ‘आंतल्या ज्ञानाचें पुनःपुन्हां चावणें’ असा होतो. आपण मराठींत ‘मन खातें’ म्हणतों तेंच हें. पुढें हा देशी शब्द मागें पडला. पण त्यांतलें ‘आंत’ परकीय शब्दांत राहूं लागलें आणि ‘सह’ हळूहळू बाहेर पडलें, असें म्हणावेंसें वाटतें.

सर थॉमस मोर याची कथा पाहावी. आठव्या हेन्रीस इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य म्हणून मान्य करण्याची शपथ न घेतल्यामुळें १५३५ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. तुरुंगांतील पत्रांत तो वारंवार कॉन्शन्सचें नांव घेतो. पण त्याचा आधार असा कीं, एका राज्याचें पार्लमेंट विरुद्ध असलें तरी अखिल ख्रिस्ती जगाचें मत आपल्या बाजूस आहे. म्हणजे लंडनांत एकटा पडलेला हा पुरुष स्वतःस एकटा समजत नव्हता. रॉबर्ट बोल्ट यानें १९६० सालीं त्याजवर गाजलेलें नाटक लिहिलें. त्यांतील मोरला मतापेक्षां तें मत ‘आपलें’ आहे, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. मनुष्य तोच, मरण तेंच. शब्दाचा अर्थ मात्र बदलला.

ही घसरण हॉब्सनें १६५१ च्या ‘लेव्हायथन’ ग्रंथांतच टिपली आहे. प्रथम दोघांस मिळून ठाऊक असलेली गोष्ट. मग रूपकानें स्वतःच्या मनांतील गुप्त गोष्टींचें ज्ञान. आणि अखेरीस आपल्या नव्या मतांवर लुब्ध झालेल्या लोकांनीं त्या मतांनाच दिलेलें हें पूज्य नांव. १८७५ सालीं कार्डिनल न्यूमन यानेंही तक्रार केली कीं, पूर्वीं जी कर्तव्याची आज्ञा होती तिच्या जागीं आतां स्वेच्छेचा हक्क येऊन बसला आहे. १८९८ च्या कायद्यानें मुलांस देवी टोचण्यास ह्या कारणावरून हरकत घेणाऱ्या आईबापांस सूट मिळाली. १९१६ च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यानें युद्धास नकार देणाऱ्यांसही मिळाली, आणि त्यांची कॉन्शन्स खरी कीं खोटी हें ठरविण्यास मंडळें बसवावीं लागलीं. जो स्वतःच साक्षीदार होता, त्यासच साक्षीदार हुडकण्याची पाळी आली!

आपल्याकडील विचारवंतही ह्या बाबतींत सावध होते. मनुस्मृतींत धर्माचीं चार लक्षणें सांगितलीं, त्यांत वेद, स्मृति व सदाचार ह्यांच्यामागून आत्म्याच्या संतोषास स्थान आहे. पण तें शेवटचें. ज्या दुष्यंतानें शकुंतलेस पाहतांच अंतःकरणाची ओढ प्रमाण मानली, त्यानेंच शापानें स्मृति गेल्यावर तितक्याच निःशंक मनानें तिला नाकारलें. लोकमान्य टिळकांनीं १९१५ च्या ‘गीतारहस्यां’त ‘मनोदेवता’ म्हणून कोणी स्वतंत्र देवता नसून तें सारासार निवडणाऱ्या बुद्धीचेंच कार्य आहे, असें प्रतिपादिलें. बुद्धि म्हटली कीं ती शुद्ध करावी लागते. देवतेस तशी गरज नसते.

मग अंतःकरणाचा मान राखावयाचा कीं नाहीं? अवश्य राखावयाचा, परंतु त्यांतला हरवलेला ‘सह’ परत आणून. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा १९४७ सालीं चालू असतां चिनी प्रतिनिधि पी. सी. चांग यांनीं, मनुष्यास केवळ बुद्धि आहे एवढें म्हणणें पुरेसें नाहीं, असें सुचविलें. त्यांच्या मनांतील चिनी शब्दाच्या अक्षरांत ‘मनुष्य’ आणि ‘दोन’ हीं चिन्हें आहेत. दुसऱ्या मनुष्याची जाणीव असा त्याचा भाव. त्याजबद्दल ‘कॉन्शन्स’ हा शब्द घालण्यांत आला, आणि १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमांत तो आजही आहे. प्रतिशब्द अपुरा ठरला, असें पुष्कळ म्हणतात. आमच्या मतें त्या इंग्रजी शब्दास त्याचा मूळ अर्थच तेथें परत मिळाला.

आतां त्या दोघांकडे वळूं. सत्याग्रही आपलें कारण उघड सांगतो, ज्याच्याशीं विरोध त्याच्याच समोर सांगतो, आणि तें चुकीचें असल्यास त्याचा भार प्रथम आपल्या अंगावर पडावा अशी व्यवस्था करितो. भाऊ आपलें कारण बहिणीस सांगत नाहीं, आणि त्याच्या मनःशांतीची किंमत ती भरते. त्याचें मन त्याला खात नसेल. पण त्यानें साक्षीदारासच बाहेर बसविलें आहे. बहिणीस बोलावून तिच्यासमोर तेंच वाक्य त्यानें एकदां उच्चारून पाहावें; मग त्याचें मन काय म्हणतें तें ऐकण्यासारखें असेल.